गोव्यात सगळेच पक्ष खाण कामगारांच्या बाजूने बोलतात, मग लोहखनिजाच्या खाणी इतकी वर्षं बंद का राहिल्या?

पाठिंबा खोटा नाही, पण तो खाणी सुरू होण्याला आहे. कामगाराच्या नोकरीची हमी कोणी घेतलेली नाही. मी डिचोली तालुक्यातला, मामांचे ट्रक खनिज वाहतुकीवर होते, त्यामुळे हे जवळून पाहिलंय.

सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि राज्य सरकारने खाणी थांबवल्या. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. एप्रिल 2014 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सगळ्या लीजची (खाणपट्ट्यांच्या करारांची) मुदत 2007 मध्येच संपली होती, आणि पुढे उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. खरा घोळ यानंतर झाला. नव्याने लिलाव करायचा मार्ग मोकळा होता, पण सरकारने जुन्याच लीजधारकांना 88 लीज नूतनीकरण करून दिली. 12 जानेवारी 2015 ला केंद्राने लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश काढला. त्या 88 पैकी कित्येक लीज अध्यादेशाच्या आधीच्या काही दिवसांत, काही तर त्याच दिवशी दिली गेली. 7 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयाने ती सगळी रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा ठप्प झाल्या. तेव्हा पणजीत मांडवी पुलापाशी लोकांनी रस्ता अडवला आणि लाठ्या खाल्ल्या. ती घाई लीजधारकांसाठी झाली होती, मार मात्र खाण अवलंबितांनी खाल्ला, हे मला अजून सलतं.

पहिल्या चार ब्लॉकचे (खाणक्षेत्रांचे) लिलाव व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला. तोवर मामांच्या ट्रकची ताडपत्री फाटून लोंबत होती, टायर विकून झाले होते, हप्ते थकलेच होते. ट्रकमालकांना निदान सरकारी मदत मिळाली, कारण त्यांची संघटना होती आणि मतदारसंघात वजन होतं. क्रशरवर ठेकेदाराकडे रोजंदारी करणाऱ्याचं नाव कुठल्या यादीत घालणार?

आता लिलावाचं बघा. बोली लागते ती खनिजाच्या किमतीतला किती टक्के हिस्सा सरकारला देणार यावर. जुने कामगार किती परत घेणार, हा बोलीचा निकषच नाही. आणखी एक गोष्ट सभांत कोणी सांगत नाही. खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जुन्या लीजधारकाने रॉयल्टीच्या, म्हणजे खनिजावर सरकारला द्यायच्या शुल्काच्या, 30 टक्के भरायचे असतात. लिलावात लीज घेणाऱ्याला 10 टक्केच. आमच्या तालुक्यातल्या शिरगावात विहिरी आटल्या, शेतात गाळ गेला, तिथल्या माणसासाठी ही तफावत मोठी आहे.

मी खाणींच्या विरोधात नाही. आमच्या भागात दुसरा रोजगार उभाच केला गेला नाही. पण 'खाणी सुरू करू' एवढ्यावर मी कुणाला मत देणार नाही. जुन्या कामगारांना आधी घ्यायची अट लीजच्या करारात घालणार का, ठेकेदाराकडच्या माणसाचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो की नाही हे कोण तपासणार, प्रतिष्ठानाचे पैसे कुठल्या गावात खर्च झाले, हे विचारतो. तुमच्याकडे उमेदवार आला तर तुम्हीही विचारा, आणि उत्तर लेखी मागा.