कुत्र्याला बोर्डिंगला ठेवायच्या आधी

भावा, दिवाळीत गावाला जायचंय म्हणतोस, तर लसींचं कार्ड आजच काढून बघ. रेबीजची असतेच, केनेल कफची मात्र बरेच जण विसरतात. चार कुत्री एका शेडखाली आली की तो खोकला झपाट्यानं पसरतो. आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, दोन आठवडे तरी आधी दे. गोचिडांचं औषधही उरकून घे.

खाणं घरचंच दे, वेळेप्रमाणे पुड्या बांधून. नवीन जागेचा ताण आणि वर नवीन खाणं, म्हणजे जुलाब ठरलेलेच. आणि रविवारी पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून घालायचे लाड करत असशील, तर ते आत्ताच बंद कर. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, बोर्डिंग असो नसो.

जागा न सांगता जाऊन बघ. फरशी ओली, मुताचा वास, पाण्याच्या भांड्याला शेवाळ असेल तर तिथूनच परत फिर. रात्री माणूस मुक्कामाला असतो का, हे नक्की विचार. फटाक्यांत बिथरलेलं कुत्रं जाळी तोडायला बघतं. आधी एक रात्र ठेवून बघितलेलं बरं.

सोबत त्याची न धुतलेली चादर दे. सोडताना गळ्यात पडून रडत बसू नकोस, पट्टा त्यांच्या हातात दे आणि गाडीला किक मार.