रक्त हिरवं केलं तर हिंसा संपते का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा दहावीत आहे. फोनवर बीजीएमआय हा एकमेकांवर गोळ्या झाडायचा गेम खेळतो, तेही ‘एफपीपी’मध्ये, म्हणजे स्क्रीनवर फक्त आपले हात आणि बंदूक दिसते. मित्राकडे गेला की कॉम्प्युटरवर डूम, म्हणजे राक्षसांना मारायचा गेम. परवा त्याला बोलवायला तिकडे गेले, तर स्क्रीनवर तो एका राक्षसाचा जबडा हातांनी फाडत होता. मला मळमळलं. घरी येताना विचारलं, तर म्हणाला, ‘‘आई, रक्त कोण बघतं? आणि बीजीएमआयमध्ये तर रक्त हिरवं आहे.’’ याला मजा नक्की कशात येते, खेळात की मारण्यात? आणि रक्त हिरवं केलं की हिंसा संपते का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ‘रक्त कोण बघतं’ हे तो मनापासून बोलला असणार. आणि तुम्हाला मळमळलं, तेही अगदी रास्त आहे.

मी पुण्यात नऊ वर्षं गेमसाठी आवाज तयार करायचं काम केलं. त्यातली चार वर्षं एकाच गोळीबाराच्या गेमवर गेली. गोळी अंगात शिरल्याचा आवाज मंडईतून येतो. हाड मोडायचं असेल तर शेवग्याची शेंग माइकजवळ धरून मोडायची. मांसासाठी कलिंगडाच्या गरात मूठ दाबायची, वर ओला टॉवेल आपटायचा. हे सगळं मी मन लावून केलं. एका रात्री आवाज चपखल बसले, घरी आले, तर पानात शेवग्याची आमटी. मला घास उतरला नाही. म्हणून तुमच्या मळमळीला मी नाजूकपणा म्हणणार नाही.

पुढे आम्ही बारा तरुण मुलामुलींना खेळून बघायला बोलावलं. सहाजणांच्या गेममधून माझं कलिंगड काढून टाकलं. ओला आवाज नाही, भिंतीवर शिंतोडे नाहीत, शत्रू पडतो आणि दिसेनासा होतो. उरलेल्या सहाजणांना रक्तमांस सगळं ठेवलं, फक्त नेम लागला की वाजणारा एक कोरडा ‘टक्’ काढून घेतला. तो सेकंदाचा दहावा भागसुद्धा नसेल. पहिल्या सहांपैकी एकानेही रक्त कुठे गेलं म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या खोलीत दहा मिनिटांत ओरड सुरू झाली. ‘बंदुकीत दम नाही.’ ‘लागतंय का नाही, कळतच नाही.’ मी काचेपलीकडून बघत होते. चार वर्षांची माझी मेहनत कुणाला आठवली नाही आणि एका ‘टक्’वाचून खेळ बेचव झाला, हे मला आजही लख्ख आठवतं.

आमचं हे छोटंसं बघणं होतं. पण अँड्र्यू प्शिबिल्स्की, रिचर्ड रायन आणि स्कॉट रिग्बी या मानसशास्त्रज्ञांनी हेच नीट तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. त्यांच्या एका प्रयोगात ‘हाफ-लाइफ २’ हा गोळीबाराचा गेम वापरला. काहींना बंदुका आणि रक्त दिलं. बाकीच्यांसाठी तोच गेम बदलून शिवाशिवीसारखा केला. समोरच्याला ‘टॅग’ केलं की तो अलगद वर तरंगायचा आणि हवेत विरून जायचा. मजा जवळपास तेवढीच आली. ती येत होती ‘मला जमतंय’ आणि ‘मी ठरवतोय’ या दोन भावनांतून. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. स्वभावानेच आक्रमक असलेल्यांचा कल हिंसक गेमकडे जास्त असतो, पण हिंसा वाढवली म्हणून त्यांचीही मजा खात्रीने वाढत नाही.

तुमच्या मुलाच्या वाक्याला माझ्याकडे आणखी एक पुरावा आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ या दोन संघांच्या गोळीबाराच्या गेमची २०१२ ची आवृत्ती खेळणारे कितीतरी कसलेले खेळाडू कीबोर्डच्या एका बटणावर खास हुकूम बसवून ठेवायचे. ते बटण दाबलं की भिंतीवरचं रक्त आणि गोळ्यांची भोकं साफ. का, तर त्या डागांमध्ये कोपऱ्यातून डोकावणारा शत्रू चटकन दिसत नाही. खेळात जे बुडालेले असतात ते रक्त स्वतःच्या हाताने पुसतात!

आता डूम. तुम्ही पाहिलेला जबडा बहुतेक २०१६ च्या किंवा त्यानंतरच्या डूममधला असावा. त्यात राक्षस अर्धमेला झाला की चमकायला लागतो. तेव्हा जवळ जाऊन हातांनी संपवला तर आपल्याला गेलेला जीव, म्हणजे ताकदीचे गुण, परत मिळतात. म्हणजे जखमी झालात तर आडोशाला लपायचं नाही, उलट पुढे धावायचं. खेळाची रचना म्हणून ही फार हुशार कल्पना आहे आणि तुमच्या मुलाला तिथे जबड्यापेक्षा वाढलेला जीवाचा आकडा दिसत असतो. पण तोच जीव खांद्यावर थाप मारूनही देता आला असता. जबडा फाडणं ही बनवणाऱ्यांची निवड आहे. मी या धंद्यात होते म्हणून सांगते, असं दृश्य जाहिरातीत जेवढं कामाला येतं तेवढं खेळताना येत नाही. पन्नासाव्या जबड्याला खेळणारा बघतसुद्धा नाही. आणि बघत नाही, हीच गोष्ट मला खुपते.

हिरव्या रक्ताबद्दल. ही युक्ती जुनीच आहे. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’च्या जर्मन आवृत्तीत तर हिंसा सौम्य दिसावी म्हणून सैनिकांच्या जागी यंत्रमानव घातले होते. रंगाने किळस कमी होते, एवढंच. समोर कोण आहे आणि त्याला का मारायचं, याला रंग लागत नाही. २००९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या युद्धाच्या गेममध्ये विमानतळावरच्या निःशस्त्र प्रवाशांवर गोळीबार होतो आणि आपण गोळीबार करणाऱ्यांच्या टोळीत असतो. हा भाग वगळायचा का, असं गेम आधीच विचारतो. तिथलं रक्त हिरवं काय, निळं केलं असतं तरी माझ्या पोटात गोळा आलाच असता. याउलट बीजीएमआयमध्ये दोन्हीकडे हत्यारं आहेत, दोघंही खेळायला उतरलेत, हरलेला पुन्हा लॉबीत, म्हणजे पुढच्या डावाच्या वाट बघायच्या जागी, येतो. लहानपणीच्या चोर-पोलिसाच्या ते जास्त जवळ आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. डूमवर सतरा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठीचा शिक्का आहे, तो पाळा. मित्राच्या आईशीही बोला. बीजीएमआय चालू द्या, पण अठराखालच्यांसाठी त्यात दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे, ती दहावीच्या मुलाला फार झाली. तुम्ही एक तासावर आणा. आणि एक दिवस त्याच्या शेजारी बसा. ‘हे काय चाललंय’ असं न म्हणता ‘नेम कसा धरतोस, मला शिकव’ म्हणा. गोळ्या सुटताना बंदूक वर उसळते आणि अंगठा खाली ओढत ती आवरावी लागते, हे तो तुम्हाला दाखवेल. तेव्हा त्याचा चेहरा बघा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळेल.

मात्र हरल्यावर तो फोन आपटतो का, धाकट्यांवर खेकसतो का, याकडे लक्ष असू द्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात साधा ‘टेट्रिस’, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम, मुद्दाम असा बिघडवला होता की हवा तो ठोकळा यायचाच नाही. त्यात ना बंदूक ना माणूस, तरी खेळणारे चिडले, आक्रमक झाले. नेट अडकून मॅच गेल्यावर तुमच्या मुलाचं जे होतं, त्याची जात हीच. अशा वेळी रक्तावर भाषण देऊ नका, फोन बाजूला ठेवून त्याला जेवायला बोलवा.

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे. भाऊ खेळतो तसले बंदुकीचे गेम मलाही खेळायचे आहेत, पण दहा मिनिटांत गरगरतं, उलटीसारखं होतं. रक्तामुळे असेल का? बिनरक्ताचा एखादा सांगाल?
— रत्नागिरी

उत्तर : रक्तामुळे होत असेल असं वाटत नाही. डोळे सांगतात की आपण धावतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण बसलोय. आंबा घाटातून एसटीने जाताना होतं, त्यातलाच हा प्रकार. सेटिंगमध्ये ‘फील्ड ऑफ व्ह्यू’, म्हणजे एका वेळी दिसणारा कोन, नव्वदच्या पुढे न्या. हलताना चित्र धूसर करणारं ‘मोशन ब्लर’ आणि चालताना दृश्य वरखाली हलणं बंद करा. खोलीत दिवा लावून बसा आणि गरगरायच्या आधीच, पाच-सात मिनिटांनी उठा.

गेम म्हणाल तर ‘सुपरहॉट’ घ्या. तुम्ही हललात तरच त्यात वेळ पुढे सरकतो. गोळी हवेत थबकलेली दिसते, समोरचे लाल काचेचे पुतळे असतात आणि नेम लागला की काचेसारखे फुटतात. ‘पोर्टल’ त्याहून सुंदर आहे. त्यात हातात बंदूक असते पण तिच्यातून गोळीऐवजी भिंतीत दार उघडतं. तो मात्र नंतर खेळा. जमिनीतल्या दारातून पडून छतातल्या दारातून बाहेर येणं तुम्हाला घाटापेक्षा जड जाईल.