आयर्लंडमधल्या एखाद्या लहान बाजाराच्या गावाचा इतिहास आणि तिथल्या आठवणी कुणी सांगाल का?

मी सात वर्षं बॅलिनास्लोत राहिलो. गॉलवे परगण्याच्या पूर्व टोकाला, सक नदीकाठी. नदी इथे पायी ओलांडता यायची म्हणून वाट, वाट म्हणून बाजार. 1828 साली कालवा आला, 1851 साली रेल्वे, आणि गुराढोरांचा व्यापार फोफावला. घोडेबाजार अजून भरतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, फेअर ग्रीनच्या मैदानावर.

मी सारंगखेड्याकडचा, त्यामुळे घोड्यांची यात्रा नवी नव्हती. पण आमच्याकडे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, इथे सगळं चारचौघांत आणि मोठ्या आवाजात. घेणारा पाठ फिरवून निघतो, मधला माणूस, त्याला 'टँगलर' म्हणतात, त्याला दंडाला धरून परत आणतो आणि दोघांचे हात एकमेकांत कोंबतो. तळव्यावर थुंकून टाळी दिली की सौदा पक्का. मग विकणारा त्यातलेच थोडे पैसे परत देतो, शकुनाचे म्हणून. ते मला फार आवडलं.

बाजाराबद्दल कुणीही तासभर बोलेल. सेंट ब्रिजिड्‌सबद्दल मात्र आवाज खाली येतो. 1833 साली सुरू झालेलं हे मनोरुग्णालय 2013 मध्ये बंद झालं. 1950 च्या सुमारास तिथे दोन हजारांवर माणसं होती, आणि गाव केवढं, तर जेमतेम पाच-सहा हजारांचं! त्या काळात लोकसंख्येच्या मानाने आयर्लंडइतकी माणसं जगात क्वचितच कुठे अशी कोंडलेली असतील. सगळीच आजारी नव्हती. कुणी घरात नकोसं झालेलं, कुणाला जायला जागाच नव्हती. आणि गावातल्या कितीतरी चुली त्याच पगारावर पेटायच्या. माझ्या मते या गावाचा खरा इतिहास इथे आहे, बाजार त्याच्यानंतर.

आमच्या शेजारच्या आजी तिथे तीस वर्षं नर्स होत्या. त्यांच्या परसात लाल डेलिया फुलायची. एकदा कंद काढताना म्हणाल्या, हे दवाखान्याच्या बागेतले, एका रुग्णाने वाढवलेले. एकोणिसाव्या वर्षी त्याला आणून सोडलं, न्यायला कधी कुणी आलं नाही. त्यांनी त्याचं नाव सांगितलं. मग माती झटकत म्हणाल्या, "हे कुठे लिहू नकोस, त्याची भाचरं अजून गावात आहेत."

निघताना त्यांनी त्यातले दोन कंद वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.