गणपतीला गावी जाताना ऑक्सिजन: छोटं मशीन पुरेल का?

ताई, बाबांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट दम लागण्याचा आजार), घरी झोपेत आणि चालताना मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन, आणि कोकणकन्येने कुडाळला न्यायचंय. भाड्याचं पोर्टेबल मशीन पुरेल का, असं विचारलंत. जागेपणी बहुधा पुरेल, झोपेत त्याच्या भरवशावर राहू नका. कोकणकन्येत तर अख्खी रात्रच गाडीत जाते, त्यापेक्षा दिवसाची मांडवी बघा.

खांद्याला लावायची बहुतेक छोटी मशीन सलग ऑक्सिजन सोडत नाहीत. नाकाने श्वास ओढला की तेवढ्यापुरता झोत येतो. झोपेत श्वास उथळ झाला, तोंड उघडं राहिलं, की मशीनला तो कधीकधी कळतच नाही. शिवाय त्यावरचा 2 म्हणजे 2 लिटर नव्हे, कंपनीगणिक तो बदलतो. तेव्हा जे मशीन न्याल तेच लावून, बोटाला ऑक्सिमीटर अडकवून बाबांना आधी चालवून बघा आणि आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटना ऑक्सिमीटरवर 88 ते 92 टक्के एवढंच ठेवायला सांगतात. 98 दिसावेत म्हणून परस्पर ऑक्सिजन वाढवत गेलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, गावी काळजीपोटी बटण दाबणारे हात फार!

जादा बॅटरी हवीच. डब्यातला प्लग मोबाइलपुरता धरा. डॉक्टरांची चिठ्ठी वरच्या खिशात.

आता गावचं. भाद्रपदात पावसाची एक जोराची सर आली की लाइट गेलीच. घरचं, मिनिटाला 5 लिटर देणारं विजेवरचं मशीन तीनेकशे वॅट खातं, साधा इन्व्हर्टर रात्रभर पुरत नाही. म्हणून निघण्याआधीच कुडाळ-सावंतवाडीकडे बी टाइप सिलिंडर सांगून ठेवा. त्यात साधारण 1500 लिटर असतात, म्हणजे मिनिटाला 2 लिटरने बारा तास. सोबत रेग्युलेटर आणि पाना आलाय ना ते बघा, आणि रेग्युलेटर सिलिंडर आणणाऱ्यासमोरच जोडून बघा. नाहीतर ऐन रात्री सिलिंडर भरलेला आणि चावी उघडत नाही. उभा करून खांबाला बांधा, बाळगोपाळांच्या धावपळीत पडायला नको.

आणि आरती. ऑक्सिजन कपड्यांत, पांघरुणात मुरतो, ठिणगी पडली तर भडका उडायला वेळ लागत नाही. कापूर, निरांजन, धूप, चूल सगळ्यापासून लांब, पडवीत खुर्ची टाका. धुराने तसाही दम लागतोच. आरतीचं ताट त्यांच्यापुढे फिरवू नका, प्रसाद न्या. नळीने नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन किंवा खोबरेल नको, पाण्याच्या बेसचं जेल मेडिकलमध्ये मिळतं.