पाच वर्षांची मुलगी पेन्सिल मुठीत धरते. सोलापूरला उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी तिच्याकडून काय करून घ्यावं?

गव्हले, म्हणजे खिरीत घालायचे रव्याच्या कणकेचे बारीक दाणे, वळून घ्या. पेन्सिल धरायला अंगठा आणि तर्जनीची जी चिमूट लागते, तीच गव्हल्याला लागते. खेळण्यातली रंगीत माती फार मऊ असते, बोटांना फारसा जोर लावावा लागत नाही. रव्याची कणीक घट्ट असते.

पहिले दोन-तीन दिवस शेंगा चटणीसाठी भाजलेल्या शेंगा तिच्याकडून फोडून घ्या, म्हणजे बोटं तयार होतील.

1 वाटी चिरोटी रवा, चिमूटभर मीठ. पाव वाटी पाण्याने सुरुवात करा, मग चमचा-चमचा वाढवत पुरीपेक्षा घट्ट भिजवा. तासभर झाकून ठेवून चांगलं मळा. दूध नको, या उन्हाळ्यात आंबूस वास येतो.

शेवयांपेक्षा थोडी जाड वळी डाव्या हातात द्या. उजव्या चिमटीने टोकाचा तांदळाएवढा तुकडा तोडायचा आणि त्याच दोन बोटांत पुढे-मागे फिरवायचा. दोन्ही टोकं निमुळती झाली की गव्हला झाला. सुरुवातीला तिचे हरभऱ्याएवढे होतील. होऊ द्या, फक्त वेगळे ठेवा, कारण ते शिजायला जास्त वेळ घेतात. डावखुरी असेल तर हात उलटे.

ती तळहातावर वळायला लागेल, बरीच मुलं तेच करतात. मग करंगळी आणि अनामिकेखाली कणकेची एक गोळी दाबून धरायला सांगा. ती दोन बोटं अडकली की काम आपोआप चिमटीकडे येतं. दहा मिनिटं पुरे, हात दमला की मूठ परत येते.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये कणीक बघता बघता सुकते आणि गव्हला टोकाला चिरतो. म्हणून लिंबाएवढाच गोळा बाहेर, बाकीचा ओल्या फडक्याखाली, आणि पंखा बंद. बोटांना चिकटत असेल तर तुपाचं नुसतं बोट. जास्त झालं तर तुकडा निसटतो.

हात बसला की नखुले: छोट्या गोळीवर अंगठ्याचं नख दाबून पुढे ओढायचं. मग नव्या, धुतलेल्या फणीवर दाबून फणुले. त्यात अंगठ्याचा जोर मोजून लावावा लागतो, म्हणून ते शेवटी.

वाळवताना आधी सावलीत, सुती कापडावर. एकदम कडक उन्हात ठेवले तर तडकतात. दुसऱ्या दिवशी ऊन द्या. ताटात खुळखुळ वाजले की डब्यात भरा. खिरीला तुपावर बदामी परतून आधी पाण्यात मऊ शिजवा, मग दूध आणि साखर घाला.

कच्ची कणीक तोंडात जाऊ देऊ नका, आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर हे दाणे त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.