तुझं नाव कोण सुचवतं?

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. बरोबरीचा एक दुबईला गेला, दुसरी एका मोठ्या पीएमसीत, म्हणजे प्रकल्प-व्यवस्थापन सल्लागार कंपनीत, लागली, आणि तू अजून त्याच साइटवर सेंट्रिंगवाल्याशी हुज्जत घालत उन्हात उभी. "सर, एवढं नीट काम करून मला मिळालं काय?" प्रश्न रास्त आहे. त्यावर गीतेतला श्लोक ऐकवून तुला वाटेला लावणार नाही. माझ्या साहेबांनी मला तसंच लावलं होतं, आणि पुढे कितीतरी वर्षं तो श्लोक मला गोड लागला नाही.

आधी कडू ते सांगून टाकतो. आपल्या धंद्यात चांगल्या नावाला बऱ्याच ठिकाणी काडीची किंमत नाही. ई-टेंडर उघडलं की पात्र ठरलेल्यांत ज्याचा भाव सगळ्यात कमी, काम त्याचं. तिथे तुझ्या प्रामाणिकपणाला रकानाच नाही. पगारवाढ बहुतेक वेळा साहेबाच्या डोळ्यांसमोर कोण वावरतं त्यावर ठरते. वर आणखी एक: जो काम करतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. तू नीट आहेस हे कळलं की रखडलेली, भांडणात अडकलेली साइट तुझ्याकडे येईल, आणि 'तुझ्यावर विश्वास आहे म्हणून' असं वरून ऐकावं लागेल. हे सगळं धरूनही मी तुला नाव सांभाळ म्हणतोय, त्याचं कारण ऐक.

मी नवा असताना एका सरकारी वसतिगृहाच्या बांधकामावर होतो. वरच्या मजल्याच्या स्लॅबचे क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे ताकद तपासायचे नमुना-ठोकळे, 28 दिवसांनी फोडायला नेले. एम-25 प्रतीचं काँक्रीट, 15 सेंटिमीटरचा क्यूब. म्हणजे मशीनचा काटा साडेपाचशे किलोन्यूटनच्या पुढे जायला हवा. पावणेपाचशेच्या आतच क्यूब कडकडून फुटला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. ठेकेदाराचा माणूस शेजारी उभा होता. म्हणाला, "साहेब, टाकीत आणखी तीन पडलेत, ते लावू. हे कुणी पाहिलंय?" मी आकडे जसे आले तसे रजिस्टरला चढवले. मग तपासणीसाठी स्लॅबमधून काँक्रीटचे गोल तुकडे, म्हणजे कोअर, कापून काढावे लागले. कोअर पास झाले, स्लॅब वाचला, पण तोवर ठेकेदाराचं रनिंग बिल, म्हणजे चालू कामाचं बिल, अडकून पडलं आणि ऐन दिवाळीत मजुरांचे पैसे भागवायला त्याला इकडून तिकडून उचल करावी लागली. तो माझ्याशी बोलेनासा झाला. त्याच्या शेडमधून येणारा चहाही बंद झाला.

त्याच साइटवर माझ्याकडे आणखी एक रजिस्टर होतं, हिंड्रन्स रजिस्टर. खोळंबा कशामुळे झाला, कधीपासून कधीपर्यंत, हे त्यात लिहायचं असतं. जिन्याचं ड्रॉइंग द्यायला आमचंच ऑफिस उशीर करत होतं. तेही मी तारखांनिशी लिहिलं. साहेबांना आवडलं नाही. "आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस?" म्हणाले. त्यांच्या बाजूनं बरोबरच होतं. काम लांबलं की दंड ठेकेदाराला लागतो, आणि उशीर खात्याचा असल्याचं कागदावर असेल तर तो दंड टिकत नाही.

पुढे नोकरी सोडून मी स्वतंत्र काम सुरू केलं. सुरुवातीला हाताला काम असं नव्हतंच. एके दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला: एका बांधकाम कंपनीचा दावा लवादापुढे चाललाय, मोजमापं तपासून मत देणारा इंजिनिअर हवाय, कराल का? माझं नाव कुणी दिलं म्हणून विचारलं, तर त्याच ठेकेदारानं. नंतर भेटला तेव्हा कारणही सांगितलं, जरा वैतागूनच: "तुम्ही माझंही वाईट लिहिलं आणि खात्याचंही. तुमच्या कागदाला समोरचा वकील हात लावू शकत नाही." लवादाचं काम माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. यावर कुणाचं पोट भरतं हेच मला ठाऊक नव्हतं. पुढे बरीच वर्षं माझं घर त्यावर चाललं.

शौर्य सांगायला हे लिहीत नाही. नाव कुणी सुचवलं ते बघ. ज्यांना खूश ठेवायला आपण धडपडतो त्यांच्या बदल्या होतात, ते रिटायर होतात, आपल्याला विसरतात. आपलं नाव दुसऱ्या गावी नेतात ती आडबाजूची माणसं: लॅबमधला टेक्निशियन, स्टोअरकीपर, ठेकेदाराचा हिशेबनीस, बार बेंडिंगचा, म्हणजे सळ्या वाकवणाऱ्यांचा, मुकादम. ही मंडळी साइटमागून साइट बदलतात आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या साइटवरच्या इंजिनिअरांची सालं काढतात. एकदा त्यांच्यात डबा घेऊन बस. कोण पाहणी न करता सही ठोकतो, कोण मजुरांचं बिल दाबून ठेवतो, कोण ऐनवेळी फोन उचलत नाही, सगळं त्यांना पाठ असतं.

इंजिनिअर विश्वेश्वरय्यांना आपण 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, हार घालतो आणि मोकळे होतो. त्यांची नोकरी मात्र एकदा या नजरेनं वाचून बघ. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातून, 1883 साली पहिले आले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. सुरुवात नाशिक, धुळ्याकडची. मग सिंधमध्ये सक्कर. सिंधूचं गढूळ पाणी शहराला प्यायला द्यायचं होतं आणि गाळण्याच्या टाक्या बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली आणि गाळायचं काम तिथल्या वाळूवर सोपवलं. पुण्याला आले तर खडकवासल्याचं पावसाळ्यातलं पाणी सांडव्यावरून फुकट वाहून जात होतं. सगळी भिंत उंच करत बसण्याऐवजी त्यांनी 1903 मध्ये सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. पुढे असेच दरवाजे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर बसले. 1906 मध्ये अरबस्तानातल्या एडन बंदराच्या पाण्याचा प्रश्न निघाला तेव्हा सरकारनं पाठवलं ते त्यांनाच.

एवढं करूनही स्वतःच्या खात्यात चीफ इंजिनिअरची खुर्ची भारतीय माणसाला मिळण्याची चिन्हं नव्हती. त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडायचं ठरवलं आणि परदेशाच्या प्रवासाला निघाले. 28 सप्टेंबर 1908 रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली. निजाम सरकारचं बोलावणं त्यांना परदेशातच गाठलं. नदीच्या वरच्या अंगाला जलाशय बांधून पूर अडवायची त्यांची योजना. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यातून झाले. हैदराबादचं काम चालू असतानाच म्हैसूर संस्थानानं चीफ इंजिनिअरचं पद देऊ केलं. नोव्हेंबर 1909 मध्ये ते तिथे रुजू झाले आणि 1912 मध्ये त्याच संस्थानाचे दिवाण. दिवाणपदासाठी काही ते इंजिनिअर झाले नव्हते.

या गोष्टीत 'शेवटी सत्याचा विजय' वगैरे मला दिसत नाही. मुसीला पूर आला नसता तर ते प्रवास संपवून कदाचित बंगळुरात पेन्शन खात बसले असते. ज्या खात्यात उमेदीची वर्षं घातली त्यानं वरची जागा दिली नाही ती नाहीच. पण हैदराबादवाल्यांना 'कोणाला बोलवायचं' हा प्रश्न पडला तेव्हा उत्तर तयार होतं, आणि ते तयार व्हायला सक्कर, पुणे, एडन अशी वीसेक वर्षं गेली होती. तू सध्या तुझ्या सक्करला आहेस. तिथे ऊन आहे, धूळ आहे आणि कौतुकाला कुणी येत नाही, हे मलाही मान्य आहे.

लिंक्डइनवर रोज काही टाकत जाऊ का, विचारलंस. टाक की. हेल्मेट घालून काढलेल्या फोटोनं कुणाचं नुकसान होत नाही. फक्त साडेनऊला फोटो टाकलास आणि दहाला आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी गेटवर ताटकळत असेल, तर तो ड्रायव्हर दुसरी पोस्ट टाकतो, तोंडी.

त्यापेक्षा एक सवय लाव, मला तिचा फार उपयोग झाला: 'होणार नाही' हे लवकर सांगायची. सोमवारी स्लॅब भरायचा असेल आणि स्टील पुरत नाही हे शुक्रवारीच कळलं, तर शुक्रवारीच फोन कर. शिव्या बसतील. पण सोमवारी सकाळी पंप, व्हायब्रेटर, माणसं उभी करून मग सांगणाऱ्याला जे बसतं त्यापुढे त्या शिव्या म्हणजे लाडच. आणि मुकादमानं बीममधली सळ्यांची गर्दी सोडवायला एखादी युक्ती सुचवली तर साहेबांसमोर त्याचं नाव घेऊन सांग. पोरं ही युक्ती आपली म्हणून खपवतात. मुकादम गप्प बसतो आणि पुढच्या वेळी सुचवत नाही.

सोडायचं तुझ्या मनात आहे, हे मेसेजच्या ओळींमधून दिसलं. सोडायचं तर खुशाल सोड, त्यात गैर काही नाही. फक्त सोडण्याची रीत सांभाळ, कारण शेवटचा महिना लोकांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहतो. एमबी, म्हणजे मोजमापांची वही, तारखेपर्यंत पुरी कर. चालू बिलाची राहिलेली मोजमापं ठेकेदाराच्या माणसाला सोबत घेऊन काढ आणि दोघांच्या सह्या घे. ज्या क्यूबांचे 28 दिवस अजून भरायचेत त्यांची तारीखवार यादी कर. ड्रॉइंगप्रमाणे न झालेलं जे जे काही आहे, एखादी सरकवलेली पाइपलाइन असो नाहीतर बदललेली सळई, ते नकाशावर लाल पेनानं दाखव. हे सगळं तुझ्या जागी येणाऱ्याच्या हातात दे. कुणी आलं नसेल तर साहेबांना मेल कर आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेव. नव्या ठिकाणी मुलाखतीत 'जुनं का सोडलं' विचारतीलच. 'मोठ्या उंचीचं काम शिकायचंय' एवढं पुरे. जुन्या साहेबाची कहाणी तिथे नको; ऐकणारा आपलीही अशीच होणार असं समजतो.

नव्या कंपनीचं ऑफर लेटर सही करायच्या आधी मला पाठव. नोटीस पिरियड आणि बाँडचं कलम ही मंडळी मागच्या पानावर घालतात. रविवारी सकाळी मी घरीच आहे, दहानंतर फोन कर.

तुझा,
सर