‘दूध पुरत नाही’ म्हणून आलेली बाळंतीण

मॅडम बाळाला दूध पुरत नाहीये, वरची पावडर कुठली चांगली? हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की समोरची बसायच्या आधीच मी विचारते, लंगोट किती ओले होतात दिवसाला. पण कधीकधी दूध हे नुसतं निमित्त असतं, बाई वेगळंच काहीतरी घेऊन आलेली असते आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द नसतात. अशीच एक देवगडकडची, तिला आपण मानसी म्हणू, नाव आणि बारीकसारीक तपशील अर्थातच बदललेत.

जुलै महिना, धो धो पाऊस. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली, बाळ ३३ दिवसांचं. डोक्याला स्कार्फ गच्च बांधलेला, कानात कापूस, आणि बाळ मात्र आजीच्या हातात. बोलत होती ती पण आजीच. "मॅडमनू, पोराक दूध पुरना नाय. सांजवेळ झाली की रडाक सुरवात. हिच्या अंगावर दूधच नाय." सासूबाईंनी फोनवर सांगितलेलं की पावडर सुरू करा, त्यामुळे डबा आणून झालेला, पिशवीतच होता, अजून फोडला नव्हता ते बरं.

मी लंगोटांचं विचारलं तर आजी वैतागलीच. "धा-बारा तरी धुतंय दिसाक, मेले सुकतत खय ह्या पावसात, चुलीच्या वर दोरी बांधलंय." म्हटलं काकी, तुमच्या त्या दोरीनेच उत्तर दिलं. पाचव्या दिवसानंतर नुसतं आईचं दूध पिणारं बाळ २४ तासांत ६ किंवा जास्त वेळा भिजवत असेल तर पोटात दूध जातंय. वजन केलं, जन्माचं २ किलो ७००, आता ३ किलो ४५०. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच, दहा-पंधरा दिवसांत भरून येतं आणि मग रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढलं की झालं. संध्याकाळचं रडणं म्हणाल तर दीड महिन्याच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं, नंतर आपोआप उतरतं. उलट उगाच डबा सुरू केला की बाळ अंगावर कमी ओढतं आणि दूध ओढलं तेवढंच बनतं, म्हणजे नसलेली अडचण आपणच तयार करायची.

इथे केस संपायला हवी होती. आजी खूश, बाळ झोपलेलं. पण वजनकाट्यावरचा आकडा सांगितला तेव्हा मानसीने वर पण बघितलं नाही, आणि मला तेच खटकलं, कारण ज्या आईला खरंच दुधाची काळजी असते ती आकडा ऐकून एकतर हसते नाहीतर रडते.

आजीला चहा घेऊन या म्हणून बाहेर पाठवलं. मग विचारलं, बाळ झोपतं तेव्हा तू झोपतेस का गं? नाही म्हणाली. बाळ झोपलं तरी डोळा लागत नाही, वासराच्या घंटेने पण दचकते. जेवण? आई देते म्हणून खाते, डिंकाचा लाडू तोंडात फिरतो नुसता. आणि मग बऱ्याच वेळाने, स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत, "मॅडम, सगळे म्हणतात बाळाचं तोंड बघून सगळं विसरायला होतं, मला काहीच होत नाही, मी वाईट आहे का?"

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड, हे खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं, त्याला फक्त झोप आणि जवळचं माणूस पुरतं. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की ते डिप्रेशन असू शकतं, मग लाडू आणि शेकशेगडीने ते जात नाही (आणि त्या बंद खोलीतल्या धुराने बाळाला खोकला होतो तो वेगळाच, पण ते भांडण पुन्हा कधीतरी). आम्ही १० प्रश्नांचा एक फॉर्म वापरतो, एडिनबरा स्केल म्हणतात, १९८७ पासून आहे. एकूण ३० पैकी १३ किंवा जास्त आले की साधारण डॉक्टरांकडे पाठवतोच. मानसीचे १६. आणि शेवटचा प्रश्न, स्वतःला काही करून घ्यायचा विचार आला का, त्यावर तिने "क्वचित" ला खूण केली होती. या एका खुणेवर बाकीचे मार्क किती पण असोत, मी त्याच दिवशी हालचाल करते. सरळ विचारलं, म्हणजे काय मनात येतं? "मी नसते तर बाळाला चांगली आई मिळाली असती." काही करायचं ठरवलेलं नव्हतं. असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट ती पहिल्यांदा नीट रडली.

नवरा बोटीवर खलाशी. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे घरीच होता, फोन केला तर एसटीने दोन तासांत हजर. त्याला सांगितलं की हिला एकटं सोडायचं नाही आणि आजच ओरोसला मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवायचं. तो घाबरला, "येडी झाली काय?" म्हटलं नाही रे बाबा. भलतेसलते आवाज ऐकू येणं, दोन-दोन दिवस न झोपता पण अंगात उत्साह, बाळाबद्दल विचित्र बोलणं, असं काही असतं तर मी गाडी बोलावून तडक ॲडमिट करायला लावलं असतं. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं, कारण दोन्हींमुळे असाच थकवा येतो. हिमोग्लोबिन ९ निघालं, लोहाच्या गोळ्या कपाटात तशाच होत्या, बाळंतपणानंतर त्या १८० दिवस घ्यायच्या असतात हे घरात कोणाच्या ध्यानातच नव्हतं. सोबत सर्ट्रालीन ही डिप्रेशनवरची गोळी सुरू केली. ही दुधातून फार थोडी जाते, अंगावर पाजणं बंद करावं लागत नाही. पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तेवढ्यात "काय फरक नाय" म्हणून सोडू नका हे मी तिघांना तीनदा सांगितलं.

आणि एक गोष्ट मी ठरवून दिली, नवऱ्याने सासुरवाडीतच राहायचं. रात्री दहाला पाजून झालं की बाळ त्याच्याकडे, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, फिरवणं सगळं त्याने. मध्ये बाळ उठलंच तर पाजायला तेवढं आणून द्यायचं आणि परत घेऊन जायचं. आजीला हे अजिबात पटलं नाही, जावयाने लंगोट बदलायचे म्हणजे काय! आठ दिवसांनी तीच सांगत होती, जावय बरो आसा हो.

(तुमच्या घरात असं कोणी असेल आणि रात्री कुठे जावं कळत नसेल तर टेली मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.)

नारळी पौर्णिमा झाल्यावर ती आली, नवरा बोटीवर गेलेला, बाळ यावेळी तिच्याच मांडीवर. फॉर्म परत भरला, ७ आले, शेवटच्या प्रश्नाला "कधीच नाही". गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर चालूच. पावडरचा डबा मेडिकलवाल्याला परत केला म्हणाली. मग पिशवी आवरता आवरता, "मॅडम, बाळाला पाणी कधीपासून देऊ?" म्हटलं सहा महिने पूर्ण झाल्यावर, तोवर थेंब पण नाही. आजीने माझ्याकडे असं काही बघितलं की मला कळलं, घरी गुटी आणि पाणी दोन्ही चालू आहे.